मुलांच्या बास्केटबॉलमधला धक्का: प्रशिक्षकाने काय शिकवावे, पंचाने काय पाहावे

बास्केटबॉल हा धक्का न लावता खेळायचा खेळ आहे अशी समजूत घेऊन अनेक मुले आणि त्यांचे पालक मैदानावर येतात आणि पहिल्याच सामन्यात गोंधळून जातात. 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद मैदानावर, तेही बहुतेक वेळ त्याच्या एकाच अर्ध्या भागात, दहा खेळाडू धावत, थांबत, वळत आणि उड्या मारत असताना अंगाला अंग लागणे टळू शकत नाही, आणि नियमांनीही ते गृहीत धरले आहे. जो संपर्क ओघात घडला आणि ज्याने कोणाचे काही बिघडले नाही, त्याला शिक्षा नाही. ज्या संपर्काने समोरच्याची हक्काची जागा किंवा हालचाल हिरावली गेली, तो फाउल. हे वाक्य पाठ करायला सोपे आहे, परंतु बारा वर्षांची दहा मुले एका चेंडूमागे धावू लागली की ते लागू करणे अवघड होते. मी प्रशिक्षक म्हणून सुरुवात केली, पुढे पंचाची परीक्षा दिली आणि आजही मुलांच्या वयोगटांत ही दोन्ही कामे करत आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की मुलांच्या खेळात संपर्काचा प्रश्न जोराचा कमी आणि जागेचा जास्त असतो, आणि ती जागा पायांनी मिळवायची की हातांनी, हे मूल प्रशिक्षकाच्या सांगण्यापेक्षा पंचाच्या शिट्टीवरून अधिक लवकर शिकते.

या कामात नव्याने येणाऱ्याने, तो प्रशिक्षक असो वा पंच, सर्वांत आधी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या म्हणजे फिबाच्या नियमांतील कलम 33 शांतपणे वाचावे. त्याचा पाया एका कल्पनेवर आहे: प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य सिलिंडर असतो आणि त्यातील जागा त्या खेळाडूची असते. बचाव करणाऱ्याचा सिलिंडर पुढे तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत आणि दोन्ही बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत असतो; हात पावलांच्या पुढे जाता कामा नयेत आणि कोपरात वाकलेले असावेत. डोक्यावरची जागाही त्याचीच असते. चेंडू हातात असलेल्या खेळाडूलाही असाच सिलिंडर असतो आणि त्याच्या आत तो नेहमीच्या हालचाली करत असताना बचावपटू घुसून धक्का लावत असेल तर दोष बचावपटूचा, ही बाजू पुष्कळ प्रशिक्षक विसरतात. चेंडू छातीशी धरून उभ्या असलेल्या लहान मुलीला अगदी चिकटून उभे राहायला शिकवणारा संघ ‘कडक बचाव’ करत नसून तिची जागा बळकावत असतो.

या सिलिंडरमधूनच सरळ उडीचे तत्त्व निघते, आणि मुलांच्या सामन्यांत सर्वाधिक चुकीच्या शिट्ट्या मला याच ठिकाणी दिसतात. नेहमीचा प्रसंग असा असतो: उंच मुलगा बास्केटजवळ हात सरळ वर करून उभा आहे किंवा सरळ वर उडी मारतो, छोट्या चणीचा मुलगा वेगाने लेअपसाठी, म्हणजे धावत येऊन बास्केटजवळून चेंडू टाकण्यासाठी येतो, त्याच्या छातीवर आदळतो आणि खाली पडतो. प्रेक्षक ओरडतात, पंचाची शिट्टी वाजते आणि उंच मुलाच्या नावावर फाउल लागतो. प्रत्यक्षात त्या मुलाने आपल्या जागेत उभे राहून, आपल्याच जागेत वर उडी मारून, हात पुढे न झुकवता सर्व काही नियमाप्रमाणे केलेले असते. पडणे हा फाउलचा पुरावा नसतो. असे दोन-तीनदा घडले की तो उंच मुलगा बचाव करणेच सोडून देतो. हात खाली घेतो आणि बाजूला होतो. त्याला कोणी भित्रा म्हणते, कोणी आळशी म्हणते, परंतु ते त्याला शिट्टीने शिकवलेले असते. म्हणून पंचाने अशा वेळी मुलाच्या आकाराकडे न पाहता तीन गोष्टी पाहाव्यात: हात उभे होते की पुढे आले, उडी सरळ होती की समोरच्याच्या अंगावर, आणि संपर्क छातीवर झाला की हाताने फटका बसला. प्रशिक्षकानेही सरावात या उडीला वेगळा वेळ द्यावा. भिंतीला पाठ टेकून हात वर करून उडी मारायला लावली की मूल पुढे झुकते आहे की नाही हे त्याला स्वतःलाच समजते. नंतर त्याच उडीत समोरून हलका धक्का घेण्याची सवय लावावी.

बचावाच्या वैध स्थितीविषयीही एक हट्टी गैरसमज आहे, तो म्हणजे बचावपटू पूर्ण स्थिर असला तरच आक्रमक खेळाडूचा चार्ज, म्हणजे बचावपटूवर आदळल्याचा फाउल, द्यायचा. नियमानुसार बचावपटू समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा राहिला की त्याला सुरुवातीची वैध स्थिती मिळते. त्यानंतर ती राखण्यासाठी तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो, सरळ वर उडीही मारू शकतो. त्याने खांदा, हात, कंबर किंवा पाय बाहेर काढून वाट अडवता कामा नये, एवढीच अट आहे. चेंडू घेऊन येणाऱ्याच्या बाबतीत वेळ आणि अंतर मोजायचे नसते, कारण चेंडू हातात असताना कोणी समोर येईल ही अपेक्षा त्याने ठेवलीच पाहिजे. चेंडू नसलेल्या खेळाडूला मात्र थांबण्यास किंवा दिशा बदलण्यास पुरेसे अंतर द्यावे लागते. ते त्याच्या वेगावर अवलंबून असते आणि एका सामान्य पावलापेक्षा कमी असू शकत नाही. पंचाने चार्ज की ब्लॉक, म्हणजे बचावपटूने चुकीच्या रीतीने वाट अडवल्याचा फाउल, हे ठरवताना संपर्क शरीराच्या कोणत्या भागावर झाला ते आठवावे. धक्का बचावपटूच्या छातीच्या मध्यावर बसला असेल तर तो बहुधा आधी पोहोचलेला असतो. खांद्यावर किंवा कमरेच्या कडेवर बसला असेल तर बहुधा उशिरा आलेला असतो. बास्केटखालचे 1.25 मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ, ज्याच्या आत चार्ज दिला जात नाही, ते मुलांच्या सगळ्याच मैदानांवर आखलेले नसते आणि सगळ्याच स्पर्धांत लागूही नसते. तेवढे आयोजकांना सामन्याआधी विचारून घ्यावे.

आता हातांविषयी, कारण माझ्या मते मुलांच्या बास्केटबॉलचे भवितव्य येथे ठरते. मोठा खेळाडू कमरेवर हात लागलेला असतानाही ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, पुढे जाऊ शकतो. त्याचे पाय आणि धड तेवढे भक्कम झालेले असते. अकरा वर्षांच्या मुलाच्या कमरेवर तोच हात पडला की त्याचे पुढचे पाऊल वाकडे पडते, चेंडू गुडघ्याला लागतो आणि तो हातातून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मुलाचा ड्रिबल कच्चा आहे. येथे पंचांच्या प्रशिक्षणात वापरली जाणारी एक कसोटी फार उपयोगी पडते: खेळाडूची लय, वेग, तोल आणि चपळाई यांपैकी काही त्या स्पर्शाने बिघडले का? मोठ्यांच्या सामन्यात ही कसोटी लावल्यावर अनेक स्पर्श सोडून द्यावे लागतात. मुलांच्या सामन्यात तीच कसोटी प्रामाणिकपणे लावली तर बहुतेक स्पर्श फाउल ठरतात. ‘खेळू द्या हो, किती शिट्ट्या’ असे प्रेक्षक म्हणतात, तेव्हा हे लक्षात ठेवावे की खेळू द्यायचे आहे ते चेंडू घेऊन चाललेल्या मुलाला.

अमेरिकेतील शालेय सामन्यांच्या नियमांत 2014-15 च्या हंगामापासून चेंडू हाताळणाऱ्याविरुद्धच्या चार कृती स्पष्टपणे फाउल म्हणून लिहिल्या गेल्या: त्याच्या अंगावर दोन्ही हात ठेवणे, पुढचा हात आडवा अडसरासारखा लावणे, एक हात ठेवून तो तसाच राहू देणे आणि एकाच हाताने किंवा आलटून पालटून एकाहून अधिक वेळा स्पर्श करणे. तुमच्या स्पर्धेला फिबाचे नियम लागू असले तरी ही यादी नव्या पंचाने मनात ठेवण्यासारखी आहे, कारण ती ‘फायदा झाला का’ या अवघड प्रश्नाला डोळ्यांनी दिसणारे उत्तर देते. बारा वर्षांखालील आणि चौदा वर्षांखालील गटांत मी पहिल्या दोन-तीन मिनिटांतच या शिट्ट्या देण्याच्या ठाम मताचे आहे. सुरुवातीला त्या पुष्कळ वाटतात. परंतु मुले फार लवकर जुळवून घेतात, आणि सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्या भागापर्यंत, म्हणजे दुसऱ्या क्वार्टरपर्यंत, हात मागे जाऊन पाय हलू लागतात. उलट सुरुवातीला सोडून दिलेला हात तिसऱ्या क्वार्टरमध्ये ढकलण्यात बदलतो आणि चौथ्यात कोपर बाहेर येते; तेव्हा कडक होणाऱ्या पंचाबद्दल मुलांना अन्याय वाटतो आणि त्यांचे ते वाटणे बरोबर असते.

प्रशिक्षकाचे काम येथे पंचाच्या कामाशी अगदी जुळते. ज्या संघाच्या सरावात फाउल धरले जात नाहीत, त्या संघातील मुले सामन्यात बाकावर जास्त वेळ बसतात. फिबाच्या नियमांनुसार पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की त्यापुढच्या बचावातील प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याच्या दोन संधी, मिळतात. मुलांना ‘तयार’ करण्यासाठी सरावात धक्काबुक्की चालू देणाऱ्या प्रशिक्षकांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. त्यातून मुले कणखर होत नाहीत. पाय थकले की हात पुढे करायचा, ही सवय तेवढी पक्की होते. याला उपाय साधे आहेत. बचावपटूला टॉवेल मानेमागून घेऊन दोन्ही टोके हातांत धरायला सांगावे आणि समोरच्या ड्रिबल करणाऱ्याला फक्त पायांनी अडवायला लावावे. मग टॉवेल काढून तोच सराव करावा आणि कमरेला पहिला स्पर्श होताच खेळ थांबवावा. चेंडू काढून घेण्याचा प्रयत्न खालून वर करायला शिकवावा, कारण वरून खाली मारलेला हात चेंडूला लागला तरी पुढे मनगटावर किंवा अंगावर येण्याचा धोका मोठा असतो. सरावात प्रशिक्षकाने स्वतः शिट्टी घ्यावी आणि फाउल कोणता झाला ते शब्दांत सांगावे: ‘हाताने धरलेस’, ‘कंबर बाहेर काढलीस’, ‘उशिरा पोहोचलास’. नुसते ‘फाउल’ म्हटल्याने मुलाला पुढच्या वेळी काय बदलायचे ते कळत नाही.

तरीही संपर्क टाळण्याइतकेच संपर्क घेणेही शिकवावे लागते, आणि हे विसरणारे प्रशिक्षक दुसऱ्या टोकाला जातात. रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेल्या चेंडूसाठी, बॉक्सआउट करताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठीमागे अडवून ठेवताना, अंगाला अंग लावणे वैध आहे: पाय रुंद, गुडघे वाकलेले, पाठ आणि बैठक प्रतिस्पर्ध्याला टेकलेली, हात कोपरात वाकवून वर. मागे रेटत नेणे मात्र वैध नाही, आणि मागून पाठीवर ढकलणे तर मुळीच नाही. स्क्रीनचे, म्हणजे सहकाऱ्याला मोकळे करण्यासाठी बचावपटूच्या वाटेत उभे राहण्याचेही तसेच आहे. स्क्रीन लावणारा स्थिर हवा, दोन्ही पाय जमिनीवर हवेत, आणि ज्याला मागून येणारी स्क्रीन दिसत नाही त्याला एक सामान्य पाऊल टाकता येईल एवढी जागा ठेवायला हवी. मुले स्क्रीन लावतात ती बहुधा योग्य ठिकाणी. नंतर बचावपटू निसटतो असे दिसले की शेवटच्या क्षणी कंबर किंवा गुडघा बाहेर काढतात. हात छातीवर घट्ट धरायला लावले की ही सवय पुष्कळ कमी होते. ज्या मुलांना संपर्काची भीती वाटते त्यांच्यासाठी हळू चालण्याच्या वेगापासून सुरुवात करावी, मऊ पॅडचा धक्का घेत लेअप करायला लावावे आणि मगच प्रत्यक्ष खेळाडू समोर उभा करावा.

शरीरवाढीचा मुद्दा येथेच सांगितला पाहिजे. मुलींची उंची सर्वसाधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, परंतु प्रत्येकाचा काळ वेगळा असतो, आणि म्हणून एकाच वयोगटातील दोन मुलांच्या शरीरांत काही वर्षांचा फरक दिसू शकतो. मोठ्या शरीराच्या मुलाला हातपाय अचानक लांब झाल्याने आपलेच अंग सावरता येत नाही; त्याच्याकडून लागणारा धक्का पुष्कळदा बेसावध असतो. पंचाने त्याला मवाळ वागणूक द्यावी असे मी म्हणत नाही, कारण जागेचा नियम सर्वांना एकच आहे. परंतु त्याच्या नावावर फाउल लिहिताना आवाजात आरोप नसावा, आणि प्रशिक्षकाने त्याला पायांच्या कामासाठी जास्त वेळ द्यावा.

काही प्रसंगांत मात्र फायदा-तोट्याचा हिशेब न करता लगेच शिट्टी वाजवावी. हवेत असलेल्या खेळाडूला तो जेथून उडाला तेथे परत उतरण्याचा हक्क आहे. नेम साधून उडी मारलेल्या मुलाच्या पायांखाली बचावपटूने पाऊल टाकले तर घोटा मुरगळतो, आणि बास्केटबॉलमध्ये घोट्याची दुखापत सर्वांत नेहमीची आहे. लेअपसाठी उडालेल्या मुलाला मागून लावलेला हात, रिबाउंड घेतल्यावर गोल फिरवलेली कोपरे, चेंडूच्या आशेशिवाय केलेली ओढाताण, यांतही थांबून विचार करू नये. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलेले, सुस्त किंवा चक्कर आल्यासारखे दिसत असेल तर त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे, मग सामना कितीही अटीतटीचा असो. प्रशिक्षकाने आणखी एक लक्षात घ्यावे: गुडघ्यातील पुढच्या स्नायुबंधाच्या दुखापती, ज्या वाढत्या वयातील मुलींत मुलांपेक्षा जास्त आढळतात, बहुतांशी कोणाचाही धक्का न लागता, उतरताना किंवा अचानक वळताना होतात. म्हणून दोन्ही पायांवर, गुडघे आत न झुकवता आणि वाकवून उतरणे हा संपर्काच्या शिकवणीचाच भाग आहे.

पंच म्हणून नजर कोठे ठेवायची, हा नव्या माणसाचा सर्वांत मोठा प्रश्न असतो, कारण लहानपणापासून आपण सगळेच चेंडू पाहत आलेलो असतो. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ तयार केला तेव्हा त्यांच्या 13 नियमांत खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय अडकवून पाडणे आणि मारणे यांना बंदी होतीच, शिवाय दोन अधिकाऱ्यांपैकी एकावर चेंडूची आणि दुसऱ्यावर खेळाडूंची जबाबदारी सोपवलेली होती. खेळाडूंवरच नजर ठेवणाऱ्या त्या अधिकाऱ्याची गरज आजही तेवढीच आहे. आपल्या भागातील चेंडू असलेल्या जोडीत बचावपटूकडे पाहावे: तो कोठे उभा आहे, आधी पोहोचला का, हात कोठे आहेत. त्यासाठी दोन खेळाडूंमधील फट दिसेल अशा कोनात उभे राहावे लागते. कोणाच्या पाठीमागे उभे राहून दिलेली शिट्टी हा अंदाज असतो. चेंडू सहकारी पंचाच्या भागात गेला की आपण चेंडूशिवायच्या खेळाडूंकडे वळायचे, कारण ओढणे, जर्सी धरणे आणि रागाने दिलेले ढोसणे तेथेच घडते. कृतीची सुरुवात, तिचा विकास आणि शेवट पाहून मग शिट्टी द्यावी. शिट्टी तोंडात ठेवून श्वास रोखून बसणाऱ्या नव्या पंचाची पहिली शिट्टी नेहमी घाईची होते.

शिट्टीनंतर मूठ वर करावी, थांबावे, मग खेळाडूचा क्रमांक आणि फाउलचा प्रकार सांगावा. ब्लॉकसाठी दोन्ही हात कमरेवर, धरण्यासाठी मनगट पकडून दाखवणे, ढकलण्यासाठी ढकलल्याची खूण. या खुणा स्पष्ट केल्या तर निम्म्या तक्रारी उठतच नाहीत. मुलांच्या सामन्यात मी खुणेबरोबर एक छोटे वाक्यही बोलावे असे सुचवेन, विशेषतः सर्वांत लहान गटांत. खेळ चालू असताना ‘हात काढ’, ‘मागे ढकलू नकोस’ असे बोलून संपर्क टाळता येतो. परंतु त्याच मुलाला तेच पुन्हा सांगण्याची वेळ आली तर सूचना पुरे आणि शिट्टी हवी.

प्रशिक्षकाने पंचाशी बोलायचे ते खेळ थांबलेला असताना, आणि प्रश्नाच्या रूपात: ‘त्याचे हात उभे होते असे मला वाटले, तुम्हाला काय दिसले?’ या प्रश्नाला चांगला पंच एका वाक्यात उत्तर देतो. बाकावरून सतत ओरडणाऱ्या प्रशिक्षकाची मुले प्रत्येक शिट्टीनंतर हात पसरून पंचाकडे पाहू लागतात आणि बचावासाठी मागे धावायचे विसरतात. मुलांच्या सामन्यांत पंच स्वतःही पुष्कळदा सोळा-सतरा वर्षांचा असतो. त्याला प्रेक्षकांतून शिव्या ऐकाव्या लागल्या तर त्या थांबवण्याची पहिली जबाबदारी मी दोन्ही प्रशिक्षकांवर टाकेन, आयोजकांवर नंतर.

शेवटचा विषय परतफेडीचा. पहिला ढोसणारा सुटतो आणि उत्तर देणारा पकडला जातो, ही मुलांची तक्रार खरी असते, कारण दुसऱ्या कृतीपर्यंत सगळ्यांची मान वळलेली असते. म्हणून एखादी जोडी सतत एकमेकांना लागत असेल तर पंचाने चेंडू दूर गेल्यावरही तिच्याकडे दोन क्षण अधिक पाहावे, सहकारी पंचाला तसे सांगावे आणि खेळ थांबताच दोघांशी एकत्र, हळू आवाजात बोलावे. चेंडूशी संबंध नसलेला किंवा दुखापत होईल असा धक्का दिसला तर खेळभावनेविरुद्धचा फाउल देण्यास कचरू नये. त्याच खेळाडूच्या नावावर असा दुसरा फाउल लागला की त्याला सामन्यातून बाहेर जावे लागते, हे प्रशिक्षकाने मुलांना आधीच सांगून ठेवावे. प्रशिक्षकाला आपल्या मुलाचा चेहरा पंचाच्या आधी दिसतो. तो लाल झालेला, जबडा आवळलेला दिसताच बदली खेळाडू पाठवावा, मुलाला शेजारी बसवून पाणी द्यावे, काय घडले ते त्याच्याकडून पूर्ण ऐकून घ्यावे आणि परत पाठवताना एकच काम सांगावे: ‘तो कमरेवर हात ठेवील तेव्हा ड्रिबलची दिशा बदल आणि बास्केटकडे जा; हात कोणाचा आहे ते पंचाला दिसू दे.’